तिसऱ्या दिवशी मेथी

रामदास खळदकर जगात कुठेही गेले तरी आधी माणसं मोजतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांनी अक्षता टाकायच्या आधी व्याह्यांकडची माणसं मोजली होती आणि एक डोकं कमी भरतं म्हणून मुहूर्त टळायची वेळ आणली होती. ते डोकं हात धुवायला गेलं होतं.

सवय कारखान्यातली. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कोण आत आला, कोण बाहेर गेला, कोणाचं कार्ड कोणी पंच केलं, यावर डोळा ठेवायचा. मग देशात उदारीकरण आलं, कारखान्यात नवी यंत्रं आली, आणि यंत्रांना कार्ड पंच करावं लागत नाही हे मालकांच्या ध्यानात आलं. रामदासरावांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कोणाची, हे विचारायचं नसतं.

बरोबरीच्या कोणी रिक्षा घेतली, कोणी झेरॉक्सचं दुकान टाकलं. रामदासरावांनी सहली काढल्या. माणसं मोजता येत होती, तेवढ्या भांडवलावर. सुरुवात अष्टविनायकापासून झाली. पुढे खराडीच्या ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उगवल्या, त्या इमारतींत पुण्याची मुलं संगणकासमोर बसली, आणि मुलांच्या पगारावर आईबाप विमानात बसायला लागले. मुलगा अमेरिकेत, आईबाप बँकॉकात आणि फ्लॅट कुलपात, ही पुण्याची नवी त्रिस्थळी यात्रा. तिचे बडवे रामदासराव.

त्यांच्या सहलीचं वैशिष्ट्य एकच, उत्तरेश्वर. हा मूळचा उस्मानाबादकडचा, वाघोलीत कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवायचा आणि सहल निघाली की कुकर, शेगडी, मसाल्याचा डबा घेऊन विमानात चढायचा. त्याने सिंगापुरात पिठलं केलं होतं, पॅरिसात साबुदाण्याची खिचडी केली होती. रामदासरावांच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असायचं, ‘जग बघा, जेवा घरचं.’ पुणेकरांना यापेक्षा आणखी काय पाहिजे? जग बघायला त्यांची ना नसते, फक्त जगाने जेवायच्या वेळी मध्ये येऊ नये.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मुलीने डोकं चालवलं. उत्कर्षा खराडीत आयटीत. नवरा तेजसही तिथलाच. ती एका रविवारी आली आणि म्हणाली, “बाबा, तुमचं मॉडेल आउटडेटेड झालंय. बँकॉक आता कोणीही करतं. लोकांना रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल पाहिजे. गावात राहायचं, लोकांच्या घरी, त्यांचंच खायचं. कोणाला बोलवायचं ते गाव ठरवणार, पैसेही थेट गावाला. आफ्रिकेत किती व्हिलेजेस करतायत हे.”

रामदासरावांनी यातलं ‘कोणीही करतं’ नीट ऐकलं, ‘लोकांना पाहिजे’ तर फारच नीट ऐकलं. ‘त्यांचंच खायचं’ तेवढं कानाआड झालं.

उत्कर्षानेच इंटरनेटवरून गाव शोधलं. टांझानियातल्या उंच डोंगरांतलं क्वेसिंदी. मक्याची, घेवड्याची, केळीची उतरती रानं, मातीची भांडी करणाऱ्या बायका, आणि गावाची समिती. पाहुणे कोणाच्या घरी उतरतील, काय बघतील, काय बघणार नाहीत, सगळं समिती ठरवते. समितीची प्रमुख झैनाबू नावाची पोक्त बाई. तिकडे मोठ्या बाईला मानाने ‘मामा’ म्हणतात, त्यामुळे ‘मामा झैनाबू’ असं पत्रात वाचून रामदासरावांनी तिच्यासाठी पुणेरी पगडी घेऊन ठेवली होती. ती पुढे उत्तरेश्वरने डोक्यावर ऊन लागतं म्हणून वापरली.

बिबवेवाडीत एकोपा सोसायटीच्या तळमजल्यावर खळदकरांचा फ्लॅट. (एकोप्यात पार्किंगवरून अर्ध्या लोकांचं उरलेल्या अर्ध्यांशी बोलणं नाही.) दारावर नवी पाटी लागली, ‘जबाबदार प्रवास. संचालक रामदास खळदकर. चौकशी सकाळी. दुपारी एक ते चार बेल वाजवणाऱ्याची जबाबदारी घेतली जाणार नाही.’

पत्नी सत्यशीलाबाईंनी पाटी वाचली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “जबाबदारी कशाची ते नाही लिहिलंत.”

“अगं, रिस्पॉन्सिबल.”

“तेच विचारतेय,” असं म्हणून त्या आत गेल्या. बाई फार बोलत नाहीत. जेवढं बोलतात तेवढं मात्र चार दिवस पुरतं.

पहिली सहल निघाली. एकोप्याचे अध्यक्ष रावसाहेब सपत्नीक होते, म्हणजे सोसायटीनेच मान्यता दिल्यासारखं. रावसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गळ्यात मोठा कॅमेरा, आणि ‘परवानगी’ हा शब्द तोंडात कायम. सत्यशीलाबाई गेल्या नाहीत. कोणीतरी घरी राहून चकल्या, शंकरपाळे आणि मेतकूट भरून द्यायला हवं होतं, ते त्यांनी दिलं. उत्तरेश्वरचे डबे वेगळेच.

क्वेसिंदीत काय घडलं ते सोसायटीत प्रत्येकाने वेगळं सांगितलं, पण एवढं सगळ्यांच्या सांगण्यात सारखं होतं की गाव फार छान. मंडळी शाकाहारी आहेत हे आधीच कळवलं होतं, म्हणून घरोघरच्या बायकांनी घेवड्याची उसळ केली, पालेभाजी केली, केळी शिजवली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड केली. तिला उगाली म्हणतात. म्हणजे आता नाही म्हणायला कारणसुद्धा उरलं नव्हतं. तरी कोणी जेवलं नाही. ‘पोट भरलंय’ असं सगळ्यांनी हसून, हात जोडून, जबाबदारीने सांगितलं, आणि मागच्या अंगणात उत्तरेश्वरच्या कुकरची शिट्टी झाली.

मग फोटो. एक म्हातारी मका कांडत होती. रावसाहेबांचा कॅमेरा तयार नव्हता, म्हणून तिला पुन्हा कांडायला लावलं. ऊन डोळ्यावर येत होतं, म्हणून उखळ हलवून पुन्हा. मग ती कॅमेऱ्याकडे बघून हसली, तर रावसाहेब म्हणाले, हसू नका, नैसर्गिक राहा. पोरांना रांगेत उभं करून पेन आणि ग्लुकोजची बिस्किटं वाटली, त्याचाही फोटो. मामा झैनाबूने स्वतः घडवलेलं मडकं रावसाहेबांच्या सौभाग्यवतींनी उलटंसुलटं करून बघितलं आणि कुंभारवाड्यात याच्या निम्म्यात मिळतं असं मराठीत सांगितलं. सूर कुठल्याही भाषेत कळतो.

आता रामदासरावांचं एक गुपित. दुपारी एकला मंडळी आपापल्या घरात आडवी व्हायची. आफ्रिकेत गेलं म्हणून झोप थोडीच बदलते? आणि सगळी डोकी उशीवर आहेत असं मोजून झालं की रामदासराव हळूच मामाच्या स्वयंपाकघरात जायचे. पहिल्या दिवशी नुसते डोकावले होते. मामाने काही न विचारता पाट सरकवला. टाइम ऑफिसच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आत घेत होतं, आणि कार्ड मागत नव्हतं. घेवडा, वर नारळाचं दूध, आणि ती उगाली, बोटांनी गोळा करून मध्ये खळगा करायचा. असं जेवण आईनंतर जेवलो नाही, असं त्यांना वाटलं, आणि लगेच सत्यशीलाबाईंची आठवण होऊन त्यांनी तो विचार मागे घेतला. दुसऱ्या दुपारी गेले तर पाटावर उत्तरेश्वर आधीच बसलेला. “स्वतःच्या हातचं खाऊन कट्टाळा आलाय साहेब,” तो म्हणाला, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता जेवण उरकलं. बाहेर गिऱ्हाइकांना कळलं असतं तर ‘जेवा घरचं’ची अब्रू गेली असती. तिसऱ्या दिवशी पहाटेच मंडळींनी गाव सोडलं, कारण कार्यक्रमपत्रिकेत पुढे जिराफ होते.

पुण्यात आल्यावर दुसऱ्या सहलीसाठी लोक विचारायला लागले. रामदासरावांनी गावाला कळवलं. उत्तर आलं, समितीने पाहुणे घेणं थांबवलं आहे. सगळे पाहुणे नव्हे. तुमचे.

रामदासराव चार दिवस पाटीकडे बघत बसले. धंद्याचं दुःख होतंच, पण धंदा बँकॉकवरही चालला असता. ज्या एका स्वयंपाकघरात आपल्याला पाट मिळाला होता, तिथलंच दार बंद झालं, हे आत कुठेतरी खुपत राहिलं. त्यांनी उत्कर्षाकडून मेलवर मेल पाठवले. शेवटी गावाकडून निरोप आला, तो उत्कर्षाने मराठीत उतरवला. समितीची दोन माणसं एका परिषदेसाठी हैदराबादला येणार आहेत. जाताना ती पुण्यात येतील. ‘तुम्ही आमच्या घरी राहिलात. आम्ही तुमच्या घरी राहू. तुम्ही राहिलात तसंच राहू. मग काय ते सांगू.’

‘तसंच’ हा शब्द रामदासरावांच्या नजरेतून निसटला. उत्कर्षाच्याही. सत्यशीलाबाईंनी तो दोनदा वाचला.

मग रामदासरावांनी जी तयारी केली, तिच्यापुढे गणपतीची आरास फिकी. पाहुण्यांना अस्सल पुणं दाखवायचं ठरलं, म्हणजे पुण्यात जे कोणी करत नाही ते सगळं. उत्कर्षाला नऊवारी नेसायला सांगितली, ती म्हणाली स्टिच्ड मिळते ऑनलाइन. जावयाला फेटा. पार्किंगमध्ये लेझीम, त्यासाठी सोसायटीच्या मुलांची सायंकाळी तालीम. सत्यशीलाबाईंना पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी. त्यांनी डाळ भिजत घातली आणि इतकंच विचारलं, “ते खातील ना?”

“तुझी पुरणपोळी कोण खाणार नाही?” रामदासराव म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी पाहुणे आले. मामा झैनाबू, अंगाभोवती रंगीत कापड, हातात एक जड बोचकं. सोबत गावातल्या शाळेचे मास्तर हम्झा, चाळिशीचे, इंग्रजी सफाईदार, गळ्यात छोटा कॅमेरा. रामदासरावांनी सवयीने मोजलं, दोन. सनई वाजली, पायावर पाणी झालं, पाटाभोवती रांगोळी, चांदीच्या वाट्या, पुरणपोळीवर तुपाची धार.

मामाने हात जोडले, गोड हसली आणि काही म्हणाली. हम्झा मास्तरांनी भाषांतर केलं. पोट भरलंय.

मग दोघं उठून मागच्या गॅलरीत गेली. बोचक्यातून एक छोटी शेगडी, पातेलं, मक्याचं पीठ आणि घेवडा निघाला. थोड्या वेळाने गॅलरीतून वास यायला लागला.

रामदासरावांनी दिवाणखान्यात येऊन घरच्यांची समजूत घातली. लांबचा प्रवास, पाणी बदललेलं, गोड सोसत नसेल. तेजसने कदाचित ग्लुटेन असेल असं सुचवलं. सत्यशीलाबाईंनी पोळ्यांच्या चळतीवर फडकं टाकलं, वर ताट झाकलं. त्यांचा चेहरा पाहून कोणी दुसरी वाढून घेतली नाही.

रविवार उजाडला तोच रावसाहेबांच्या आरोळीने. ते नेहमीसारखे बनियन आणि लुंगीवर गॅलरीत दात घासत होते. समोर हम्झा मास्तर कॅमेरा डोळ्याला लावून. रावसाहेबांनी ब्रश काढून विचारलं हे काय चाललंय. मास्तरांनी नम्रपणे सांगितलं, स्थानिक जीवन. आणि विनंती केली, ऊन डोळ्यावर येतंय, जरा इकडे वळून पुन्हा घासाल का? हसू नका, नैसर्गिक राहा.

रावसाहेब खाली येऊन रामदासरावांना पुष्कळ काही म्हणाले. ‘परवानगी’ हा शब्द त्यात इतक्यांदा आला की मोजणाऱ्यानेही सोडून दिला.

त्यानंतर मास्तरांनी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हाक मारून रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला एकेक पेन्सिल दिली, डोक्यावरून हात फिरवला, फोटो काढला. मुलं खूश. आयांना मात्र आधी कळेना, मग कळलं, मग राग आला. वर्षाची फी ऐकली तर चक्कर येईल अशा शाळेत आमची मुलं जातात, त्यांना पेन्सिली वाटतात म्हणजे काय? रावसाहेबांच्या नातवाची पेन्सिल परत करण्यासाठी शिष्टमंडळ निघालं, पण नातू देईना.

घरात मामा सत्यशीलाबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोळपाट हातात घेऊन तिने उलटा केला, टकटक वाजवून बघितला आणि मास्तरांकडे बघून काहीतरी म्हणाली. मास्तरांनी भाषांतर केलं नाही.

सूर कुठल्याही भाषेत कळतो. सत्यशीलाबाईंनी पोळपाट तिच्या हातातून काढून घेतला, बाहेर आल्या, आणि पेपर तोंडावर घेऊन बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, ही तुमचीच सहल आहे. माझ्या घरात चाललीय.”

पेपर हळूहळू खाली आला.

रामदासरावांना आधी पेन्सिली आठवल्या, मग ब्रश, मग पोळपाट. आणि मग क्वेसिंदीतल्या त्या पहिल्या संध्याकाळी घराघरांतून झाकून ठेवलेली पातेली आठवली. पातेल्यांवर फडकी होती. त्या वेळी त्यांनी ती मोजली होती. मोजताना फडक्याखाली काय आहे याचा विचार करावा असं काही टाइम ऑफिसात शिकवत नाहीत. आता त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात जाऊन ताट उचललं आणि फडक्याखालच्या पोळ्या बघितल्या. गाव आता हातचं गेलं, हे उघडच होतं.

दुपारी एकला सोसायटी झोपली. मागच्या गॅलरीत मामा उगाली घोटत होती. रामदासराव दार लोटून बाहेर आले, इकडेतिकडे बघून खाली बसले. मामाने ताटली पुढे केली. त्यांनी पहिला घास घेतला, तेव्हा ती काही बोलली आणि या वेळी मास्तरांनी भाषांतर केलं.

“म्हणतात, अजूनही सगळे झोपल्यावरच का?”

रामदासरावांनी ताटली संपवली आणि स्वतः विसळून ठेवली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. लेझीम झाली, तेजसचा फेटा दोनदा सुटला, उत्कर्षाच्या शिवलेल्या नऊवारीची चेन अडकली, आणि पाहुण्यांनी पुष्कळ टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांसाठी जेवण होतं, ते करायला मुद्दाम उत्तरेश्वरला बोलावला होता. पाहुण्यांनी आपलं पातेलं आणलं आणि बाजूच्या कठड्यावर बसून झाकण काढलं. रावसाहेबांना सकाळपासून निमित्त हवंच होतं. ते उठले आणि खळदकरांना सर्वांसमोर सांगते झाले, सोसायटीच्या गॅलरीत बाहेरची शेगडी चालणार नाही, वासाच्या तक्रारी आल्या आहेत, आणि इतकं साग्रसंगीत केलेलं असताना स्वतःचं शिजवून खाणं हा आपल्या अन्नाचा अपमान आहे. यांना जरा सांगा.

सगळे रामदासरावांकडे बघत होते. यातले निम्मे त्यांची गिऱ्हाइकं, उरलेले होऊ घातलेली.

रामदासराव कठड्याकडे गेले. मामाच्या शेजारी बसले, ताटली घेतली, उगालीचा गोळा करून मध्ये खळगा केला, त्यात घेवडा भरला आणि खाल्ला. पुन्हा एक केला. तोंड पुसून म्हणाले, “रावसाहेब, तिथे मी रोज हेच जेवत होतो. तुम्ही झोपला होतात.”

मग मागून उत्तरेश्वर म्हणाला, “म्या बी हुतो,” आणि सगळ्यांच्या देखत तोही येऊन बसला. स्वतःचा पुलाव तसाच टाकून.

रावसाहेब बसले. त्यांच्या सौभाग्यवती मात्र हळू आवाजात शेजारणीला म्हणाल्या, एवढं होतं तर आम्हालाही सांगायचं, मी रोज त्या कुकरचा वरणभात खाऊन कंटाळले होते.

मामाने पातेल्यावर झाकण ठेवलं. मास्तरांनी एवढंच सांगितलं, निकाल सोमवारी.

सोमवारी सकाळी रामदासराव लवकर उठून दिवाणखान्यात इस्त्रीच्या शर्टात बसले होते, निकालाला बसतात तसे. पाहुण्यांची गाडी दुपारची. सत्यशीलाबाईंचा मात्र पारा चढलेला होता. दोन दिवस राबून पोळ्या तशाच, घरात सगळीकडे फेटे आणि लेझमी पडलेल्या, कामवालीची सुट्टी. त्या मंडईतून मेथीच्या जुड्या घेऊन आल्या, दिवाणखान्यात मामा ऐटीत सोफ्यावर बसलेली दिसली, आणि त्यांचा संयम सुटला. एक परात, एक जुडी मामाच्या मांडीवर, एक मास्तरांच्या. स्वतः जमिनीवर बसून निवडायला लागल्या.

“दोन दिवस बसून झालं. आता निवडा. कोवळी देठं चालतील, जून टाकून द्या.”

रामदासराव ताडकन उठले. पाहुण्याला काम, तेही निकालाच्या दिवशी. “अगं, काय करतेयस? ते पाहुणे आहेत,” असं म्हणत ते परात उचलायला वाकले.

मामाने परात घट्ट धरली. सत्यशीलाबाईंचं मराठी तिला काय कळलं असेल ते असो, तिने मास्तरांकडे बघितलं, मेथीकडे बघितलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली. खांदे हलेपर्यंत हसली. मग सोफ्यावरून खाली उतरून सत्यशीलाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली.

मास्तर जुडी सोडता सोडता इंग्रजीत सांगायला लागले. आमच्याकडे म्हणतात, पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. कुदळ हातात आली की माणूस घरचा झाला. तुमची माणसं तिसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेली, गावाने कुदळी काढून ठेवल्या होत्या. आम्हाला इथे बघायचं होतं, कोणी देतं का.

रामदासरावांनी मेथीकडे बघितलं. फेटे, लेझीम, सनई, रांगोळी यांचा सगळा हिशेब त्या एका परातीत बुडाला होता. त्यांनी सत्यशीलाबाईंना मराठी करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला त्यांची म्हण काय माहीत? मला भाजी करायची होती.”

“तेच तर,” त्याचं इंग्रजी ऐकून मास्तर म्हणाले.

दुपारी मेथीची भाजी, भाकरी झाली, आणि मामाने स्वतः उठून ताट उचललं, फडकं दूर केलं आणि तिसऱ्या दिवशीची पुरणपोळी काढून घेतली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. शिळी जास्त मुरते हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. मग हात धुऊन तिने निकाल दिला, आणि तो रामदासरावांकडे बघून दिलाच नाही. तुझ्या नवऱ्याची माणसं येऊ देत. पण थोडी येऊ देत, आचारी न घेता, डबे न घेता, आणि तिसऱ्या दिवसाचं काम करून जाणारी. आणि सगळ्यांच्या आधी तू ये.

“मी?” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “मी महाबळेश्वरच्या पुढे गेले नाहीये.”

“मग तर ये,” असं मामाने सांगितलं.

ही बातमी एकोप्यात पोचल्यावर पुढच्या सहलीच्या चौकशा अचानक आटल्या. काम करायला आफ्रिकेला कशाला जायचं, ते सुनेकडे होतंच की. रावसाहेबांनी सिंगापूरचं काय हे विचारलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी मात्र गुपचूप आपलं एकटीचं नाव दिलं. उत्तरेश्वरने हक्काने नाव दिलं, आचारी म्हणून नव्हे, जेवणारा म्हणून. रामदासरावांनी जुनी पाटी काढली. नवीन लागली ती अशी, ‘क्वेसिंदीला जाणाऱ्यांनी चौकशी करावी. ज्यांना स्वतःचा डबा न्यायचा असेल त्यांनी तो घरीच बसून खावा.’ ‘जबाबदार’ हा शब्द त्यात कुठे नव्हता. विचारलं तर म्हणाले, जागा पुरली नाही.

सत्यशीलाबाईंची बॅग रामदासरावांनी भरली. आयुष्यभर शेकडो माणसांना विमानात बसवलेला माणूस, पण ही एक बॅग त्यांनी चार वेळा उघडून बंद केली. मुंबईच्या विमानतळावर नेणारी टॅक्सी खाली उभी राहिली, उत्कर्षा पासपोर्ट, पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला, सगळं तिसऱ्यांदा तपासत होती, तेव्हा बाईंनी बॅग जमिनीवर ठेवली, चेन ओढली, साड्यांच्या घडीखाली हात घातला आणि भाकरवडीचे दोन पुडे बाहेर काढले. मग मेतकुटाची बरणी. मग एका मोज्यात दडवलेली लसणीची चटणी.

“तुझी सोय म्हणून,” रामदासराव म्हणाले. “न जाणो.”

त्यांनी तिन्ही वस्तू नवऱ्याच्या हातात ठेवल्या.

“पोळ्या फ्रीजमध्ये आहेत, संध्याकाळपर्यंत पुरतील. मग हे खा,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून स्वतः करा. मी तिकडे जेवणार आहे.”

आईला सोडायला उत्कर्षाही बरोबर बसली आणि टॅक्सी गेली. रामदासराव हातात भाकरवडी घेऊन फाटकापाशी उभे राहिले आणि सवयीने त्यांनी घरातली डोकी मोजली. एक. दुपारचा एक वाजत आला होता. ते आत गेले, पुडे कपाटात ठेवले, आणि मेथी कुठे मिळते ते विचारायला रावसाहेबांची बेल वाजवली.